शिवरात्रीची भांग आणि जिवाचं घाबरणं

महाशिवरात्र जवळ आली की आपल्याकडची माणसं काशीला निघतात, उज्जैनला निघतात. उज्जैनला तर महाकालाचा शृंगारच भांगेने करतात. दर्शन होतं, बाहेर थंडाईचं दुकान दिसतं, आणि सोबतचा कुणीतरी म्हणतो, "घ्या हो, महादेवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये." आता प्रसादाला नाही कोण म्हणणार? पेला तोंडाला लागतो. आणि दोन तासांनी धर्मशाळेत तोच माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, "मी काही आता वाचत नाही." हे असं का होतं, ते आज नीट समजून घेऊ.

भांग म्हणजे गांजाच्याच झाडाची पानं. ती वाटून दूध, बदाम, बडीशेप, मिरी, साखर यांत कालवतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस बंद केले. नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, त्यांचा कारभार राज्यांकडे आहे. म्हणून उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं दिसतात. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे. तेव्हा काशीचं गंगाजल घरी आणा, भांगेचा गोळा आणू नका.

आता मुख्य गोष्ट ऐका. धूर ओढला तर नशा काही मिनिटांत चढते. प्यायलेली भांग मात्र आधी पोटात जाते, मग आतड्यात, तिथून यकृतात. यकृतात तिच्यातलं नशेचं द्रव्य बदलतं आणि जास्त जोरकस होतं. या वाटेला अर्धा तास लागतो, कुणाला दीड-दोन तास. पुरा जोर येतो दोन ते चार तासांनी. उतरायला सहा-आठ तास, कधी दुसरा दिवससुद्धा उजाडतो. शिवाय कोणत्या पेल्यात किती भांग पडली, हे वाटणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही.

आणि आपण काय करतो? अर्धा तास वाट बघतो. "काहीच झालं नाही, नुसतं दूधच दिलं वाटतं," म्हणतो आणि दुसरा पेला मागवतो. तो पोटात जातो न जातो तोच पहिला चढायला लागतो, आणि त्याच्या पाठीवर बसून दुसरा येतो. त्यात शिवरात्रीचा उपास, रात्रीचं जागरण, गर्दी, परका गाव. मग तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, पाच मिनिटं तासाएवढी वाटतात. धडधड ऐकून माणूस घाबरतो आणि घाबरला की धडधड आणखी वाढते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की माणसाला वाटतं, मरणच आलं.

महादेवाला आपण नीलकंठ म्हणतो. का बरं? समुद्रमंथनात हलाहल निघालं ते त्यांनी घेतलं, पण कंठातच अडवलं, पोटात उतरू दिलं नाही. भांग घेऊन महादेवाचं अनुकरण करतो म्हणणाऱ्याने हे आधी बघावं. देवाला कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे का?

म्हणून घ्यायचीच असेल, तर या मर्यादेत घ्या. पेला भरून नको, दोन-चार घोट पुरे. त्यानंतर निदान चार तास दुसरा घोट नाही, मग चढो की न चढो. कडक उपाशीपोटी नको. सोबत दारू नको. न घेतलेलं एक शहाणं माणूस जवळ असू द्या. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि घाटावर पाण्यात उतरायचं नाही.

काहींनी मात्र शिवूच नये. हृदयाचा आजार, रक्तदाब, मनाचा आजार, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, रोजची औषधं चालू असलेले म्हातारे, आणि लहान मुलं. घरात कुणाला वेड लागल्याचा इतिहास असेल, त्यानेही लांब राहावं. आणि गंमत म्हणून कुणाला न सांगता भांग पाजणं ही गंमत नव्हे, पाप आहे. काय होतंय हेच ज्याला माहीत नाही, तो सगळ्यांत जास्त घाबरतो.

समजा, कुणी घाबरलंच, तर त्याला गर्दीतून बाजूला घ्या. शांत जागी बसवा, पाणी घोट घोट द्या. हात धरा आणि पुन्हा पुन्हा सांगा, "ही भांग आहे, चढली आहे, काही तासांत उतरेल." श्वास हळू घ्यायला लावा, सोडताना जरा लांब. "नमः शिवाय" संथ म्हणत बसलात तर श्वास आपोआप लयीत येतो. त्याला हसू नका, रागावू नका, एकटं सोडू नका. ग्लानीत असेल तर तोंडात तूप, लिंबू काही ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा.

पण छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली, हाक मारून जाग येत नाही, श्वास लागला, उलट्या थांबत नाहीत, किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेली, तर धर्मशाळेत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरला खरं सांगा. "प्रसाद घेतला" एवढंच म्हणू नका, "भांग घेतली, इतक्या वाजता, इतकी" असं सांगा. लाजेपायी उपचाराला उशीर होतो.

आणि शेवटचं सांगतो. नको असेल तर पेला कपाळाला लावा आणि खाली ठेवा. महादेव रागावत नाहीत. ते भोळे आहेत, एका बेलपानावर प्रसन्न होतात. शिवरात्रीचं जागरण शुद्धीत राहण्यासाठी असतं, आणि शुद्धीत घेतलेलं दर्शन घरी गेल्यावरही आठवतं.

हर हर महादेव!