क्षयोत्तर कास आणि श्वासनलिका-विस्फार

जव्हार-मोखाड्यात क्षयाचे उपचार पूर्ण केलेला रुग्ण पुन्हा खोकत आल्यास वैद्यांनी केवळ कासहर कल्पांवर विसंबू नये. भारतात श्वासनलिका-विस्फाराचे, म्हणजेच ब्राँकिएक्टॅसिसचे, प्रमुख कारण क्षयच होय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीतील २१९५ रुग्णांपैकी ३५.५ टक्के रुग्णांत तेच आढळले. दररोज पुष्कळ पूययुक्त कफ पडणे व मधूनमधून रक्त येणे ही त्याची लक्षणे. साधे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. एचआरसीटीमध्ये मात्र श्वासनलिका लगतच्या धमनीहून रुंद दिसते, जणू नलिका ही अंगठी व धमनी हा तिचा खडा. चरकोक्त क्षतज व क्षयज कासाचे येथे स्मरण होते. तथापि थुंकी तपासून क्षय उलटला नसल्याची खात्री आधी करावी. रक्त अधिक पडल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.