थंडीत शोभेची झाडे सांभाळा

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसखाली उतरतो. द्राक्षबागेची काळजी आपण घेतोच. परंतु रोपवाटिकेतील क्रोटन, डिफेनबॅकिया, अ‍ॅग्लोनिमा यांच्याकडे पाने करपल्यावरच लक्ष जाते. ही उष्ण प्रदेशातील झाडे. त्यांना इजा होण्यास दव गोठावेच लागते असे नाही. तापमान काही रात्री १० अंशांखाली राहिले तरी पुरते. डिफेनबॅकियाचे पान आधी उकडल्यासारखे पाणीदार दिसते, मग तपकिरी पडते. क्रोटनची पाने गळतात. मातृझाडेच गेली, तर पावसाळ्यात छाट कलमांसाठी काड्या कोठून आणणार?

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, ती रात्र धोक्याची. जमिनीतील उष्णता अशा रात्री वर निघून जाते आणि थंड, जड हवा सखल जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलाव व लिंगमळा भागात दव गोठते, त्याचे एक कारण हेच. म्हणून कुंड्या खोलगट जागेतून हलवून पडवीत किंवा दाट झाडाखाली ठेवाव्यात. हलवता न येणाऱ्या झाडांवर बांबूचा सांगाडा करून सूर्य मावळण्यापूर्वी गोणपाट टाकावे. ते जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. नुसते शेंड्याला गुंडाळून उपयोग नाही. प्लॅस्टिक वापरल्यास पानांना टेकू देऊ नये. टेकलेली पानेच आधी करपतात. सकाळी ऊन आल्यावर आच्छादन काढावे. रात्री धूर करण्याची पद्धत आहे, पण धुराने उष्णता फारशी अडत नाही.

थंडीच्या लाटेचा अंदाज कळताच जमिनीतील झाडांना दिवसा पाणी द्यावे. ओली जमीन अधिक उष्णता धरते. कुंड्यांचे मात्र उलट. वरची माती सुकल्यावरच, दुपारपूर्वी, बेताचे पाणी द्यावे, नाहीतर मुळे कुजतात. ऑक्टोबरनंतर नत्रयुक्त खत देऊ नये, कारण कोवळी फूट थंडीला प्रथम बळी पडते.

कॅलॅडियमची पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे व कंद कोरड्या वाळूत, घरात ठेवावेत.

करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. त्या खालच्या भागाला आडोसा देतात आणि छाटणीने नवी फूट अवेळी येते. फेब्रुवारीअखेर साल नखाने खरवडून पाहावी व हिरवा भाग लागेल तेथपर्यंतच छाटावे.