पेडणे-डिचोलीचं ताट: समज आणि वस्तुस्थिती

गोव्यात आलेला पाहुणा पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या साध्या खानावळीत शिरतो आणि मेनूकार्डावर विंदालू, काफ्रेल, सोरपोतेल शोधू लागतो. समोर येतं ते वेगळंच: उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे खोबऱ्याची कढी, सुक्या सुंगटांची किसमूर, एखादी पालेभाजी आणि सोलकढी. ‘हे तर मालवणी झालं, गोव्याचं कुठे आहे?’ हा प्रश्न मग ठरलेलाच.

ही गल्लत इतिहासाची आहे. पोर्तुगिजांनी तिसवाडी (पणजीचा परिसर) १५१० साली जिंकली, पण पेडणे त्यांच्या ताब्यात गेलं ते थेट १७८८ साली. डिचोलीही त्याच्या काही वर्षं आधीच गेली होती. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. म्हणजे तिसवाडीने पोर्तुगीज सत्ता साडेचारशे वर्षं पाहिली, पेडण्याने पावणेदोनशेहून कमी. म्हणून विंदालू-सोरपोतेलातलं व्हिनेगर आणि डुकराचं मांस इथल्या बहुसंख्य घरांत कधी रुळलंच नाही. तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर नातीगोती एक, देवस्थानांचा राबता एक, मग स्वयंपाक वेगळा कसा असेल? हे जेवण सिंधुदुर्गाशी जुळतं म्हणून ते कमी गोव्याचं ठरत नाही.

उलट बाजूचा गैरसमज तितकाच पक्का आहे. मूळचं म्हणजे बाहेरचं काहीच नसलेलं, अशी अनेकांची समजूत असते. पण ज्या मिरचीशिवाय हुमणाला रंग चढत नाही, ती मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून ती इथे आली, तसाच काजूही. पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून ती आपलीशी केली आणि हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या शागुतीचं मूळही याच हरमलात सांगितलं जातं. बाहेरून आलेलं पीक मातीत मुरवून घेणं ही इथल्या शेतकऱ्याची आणि बायकांची कमाई आहे, आणि तिचा मान राखायला हवा.

पूर्णपणे इथलंच म्हणायचं तर तिरफळ. पहिल्यांदा हे जेवण घेणाऱ्याची सर्वांत जास्त फजिती होते ती याच्यापाशी. हुमणाच्या वाटीत तवंगाखाली वाटाण्याएवढी, तोंड उघडलेली काळपट फळं दिसतात. कुणी त्यांना मिरी समजून चावतं आणि जीभ बधिर झाली की मासा खराब होता असं ठरवतं. तिरफळ चावून खायचं नसतं. त्यातली काळी बी काढून टाकतात, साल जराशी ठेचून कढीत सोडतात आणि जेवताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवतात. बांगडा, तारली अशा तेलकट माशांचा उग्रपणा तिच्यामुळे निवतो. औषधी त्रिफळा चूर्णाशी तिरफळाचा काही संबंध नाही. सिचुआनी जेवणातली जीभ झिणझिणवणारी मिरी मात्र त्याच्याच कुळातली.

मासे नसले की गोव्यात जेवण नाही, हेही खरं नाही. खतखतं घ्या: पाच किंवा अधिक भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि तिरफळ, कांदा नाही, लसूण नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमका तेव्हाच रानभाज्यांचा हंगाम असतो. कोवळा टायकिळा फणसाच्या आठळ्या आणि खोबरं घालून करतात. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. म्हणून ते भरपूर शिजवून त्यात आंबाडे किंवा सोलं घालतात.

उकड्या तांदळाला हलका समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की भात टरफलासकट उकडला जातो, तेव्हा ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं. खाडीकाठच्या खाजन शेतीत, खाऱ्या मातीत तग धरणारा कोरगुट हे तर तांदळाचं खास इथलं वाण.

‘आदिवासी खाणं म्हणजे कंदमुळं’ हा सर्वांत अन्याय करणारा समज. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, पण डोंगरउतारावरची त्यांची नाचणी कितीतरी जुनी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. नाचणी भिजवून, वाटून, गाळून निघालेलं दूध गूळ आणि नारळाच्या रसात घोटलं की तिझण होतं. ते हॉटेलांत क्वचितच मिळतं, कारण कुणी मागत नाही.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने मेनूकार्ड बाजूला ठेवून आज काय शिजलंय ते विचारावं, भात उकडाच मागावा आणि तिझण आहे का, हेही जरूर विचारावं. पावसाळ्यात रोवणाची अळमी, म्हणजे रानातली अळंबी, मिळाली तर तिचा जास्त दाम कुरकुर न करता द्यावा. ती वाळवीच्या वारुळावरच उगवते, तिची लागवड करता येत नाही.