शिकारीतलं तंत्रज्ञान: नैतिक प्रश्न अभ्यासता येईल असा कसा करायचा?

"शिकारीत आधुनिक तंत्रज्ञान वापरणं नैतिक आहे का?" हा विषय घेऊन तुम्ही गाइडकडे गेलात, तर पहिला प्रश्न हमखास येईल: "तंत्रज्ञान म्हणजे नेमकं काय?" प्रश्न रास्त आहे. धनुष्यबाणही एके काळी नवाच होता. म्हणून 'नवं की जुनं' हे सोडून द्या आणि उपकरण कोणतं काम करतं ते बघा.

ढोबळमानाने तीन कामं दिसतात:

१. सावज शोधणं: ट्रेल कॅमेरा, ड्रोन, थर्मल कॅमेरा.
२. नेम साधणं: बंदुकीवरची दुर्बीण, लेसरने अंतर मोजणारं रेंजफाइंडर.
३. शिकाऱ्यालाच जंगलातून बाहेर काढणं: २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधली एक वेबसाइट गाजली. घरी बसून माउस क्लिक करायचा, की तिकडे रँचवरची खरी रायफल झडायची. टेक्सासने त्याच वर्षी यावर बंदी आणली.

तिसऱ्या प्रकाराला खुद्द शिकाऱ्यांनीही विरोध केला. का, ते समजायला 'फेअर चेस' ही संकल्पना माहीत हवी. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ती रुजवली. मोकळ्या रानातल्या प्राण्यावर शिकाऱ्याने गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये, म्हणजेच प्राण्याला निसटायची खरी संधी असावी, असा तिचा गाभा.

आता दुसरा प्रकार घ्या. रेंजफाइंडरमुळे अंतर अचूक कळतं, नेम चुकत नाही, प्राणी जखमी होऊन तडफडत पळण्याची शक्यता कमी होते. हे चांगलंच की! पण त्याच भरवशावर एखादा शिकारी पूर्वी ज्या अंतरावरून बार टाकला नसता, तिथून टाकू लागला तर? म्हणजे उपकरण तेच, पण परिणाम वापरणाऱ्याच्या वागण्यावर ठरतो. असं दिसलं की समजा, इथे अभ्यासाला जागा आहे.

खरा व्हेरिएबल: वेळ

शोधण्याच्या उपकरणांबद्दलचे नियम शेजारी शेजारी ठेवून वाचा, एक धागा सापडतो. अलास्कात छोट्या विमानातून फिरणं रोजचंच. तिथे साधारण नियम असा, की विमानातून उतरलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत मोठ्या प्राण्याची शिकार करायची नाही. वरून दिसलेला प्राणी तोवर कुठेतरी गेलेला असतो. माहिती शिळी होते. बून अँड क्रॉकेटही प्राण्याचा ठावठिकाणा त्या क्षणी कळवून लगेच शिकार घडवणारं तंत्रज्ञान मान्य करत नाही. ॲरिझोना त्याही पुढे गेलं. कोरड्या प्रदेशात प्राणी पाणवठ्यावर येणारच आणि तिथे कॅमेऱ्यांची गर्दी झालेली. शेवटी २०२१ मध्ये निर्णय होऊन १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी आली.

म्हणजे 'ड्रोन वाईट का?' यापेक्षा 'माहिती मिळणं आणि गोळी सुटणं यात किती वेळ जातो?' हा प्रश्न जास्त नेमका. तो मोजता येतो, म्हणून त्यावर संशोधन होऊ शकतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौशी शिकारीला परवानगीच नाही, मग हा विषय परदेशातलाच. तसं नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, ते डेहराडूनच्या एका शास्त्रज्ञाचं खातं उघडण्याचा प्रयत्न झाला. बातम्यांनुसार हा प्रयत्न पुण्याहून झाला होता आणि सर्व्हरने तो अडवला. चोरट्या शिकारीची शंका घेतली गेली, पण ती सिद्ध झाली नाही. 'सायबर शिकार' असा मथळा वाचताना शंका आणि पुरावा यातला हा फरक लक्षात ठेवा.

मुद्दा मात्र पक्का आहे. कॅमेरा ट्रॅप, कॉलर, ड्रोन ही आपलीही उपकरणं आहेत. संशोधकाला जे ताजं लोकेशन हवं असतं, तेच चोरट्या शिकाऱ्यालाही हवं असतं.

यावरचे उपायही अंतर आणि वेळ यांच्याशीच खेळतात. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या अनेक प्रजातींचं अचूक ठिकाण दाखवत नाहीत, ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेतरी बिंदू टाकतात. आपल्याकडे ही चौकट साधारण २० किलोमीटरची भरते. हे ढोबळ ठिकाण वितरणाच्या मोठ्या नकाशाला अनेकदा पुरतं, प्राणी गाठायला पुरत नाही.

तेव्हा फील्डवर्क असलेला प्रस्ताव लिहिताना 'डेटा व्यवस्थापन' या मथळ्याखाली दोन ओळी लिहून मोकळे होऊ नका. चार गोष्टींची उत्तरं द्या: अचूक लोकेशन कोणाकोणाला दिसेल? किती दिवसांनी खुलं होईल? प्रकाशित नकाशात किती ढोबळ असेल? आणि फोटो टाकण्याआधी त्यातलं जीपीएस कोण काढणार? शेवटच्या प्रश्नापुढे एका माणसाचं नाव लिहा. 'टीम' असं लिहिलं, तर ते काम कोणीच करत नाही.