साथीच्या काळात मतदान : रांगेचे गणित, हवेचे विज्ञान



साथीचा रोग आला की शाळा बंद ठेवता येतात, जत्रा रद्द करता येतात, लग्ने पुढे ढकलता येतात. पण निवडणुकीचे काय करायचे? लोकप्रतिनिधींची मुदत कायद्याने ठरलेली असते. ती संपली की नवे प्रतिनिधी निवडायलाच हवेत. २०२० साली कोविड-१९ची साथ जगभर पसरली तेव्हा हा पेच अनेक देशांपुढे उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रातही ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबणीवर पडल्या आणि मुदत संपलेल्या गावांचा कारभार प्रशासकांकडे गेला. अखेर सुमारे चौदा हजार ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. बहुतेक ठिकाणी मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी पार पडले.

म्हणजे निवडणूक टाळली तर लोकांचा हक्क थांबतो आणि घेतली तर रोग फैलावण्याचे भय. यातून वाट काढायची कशी? इथे विज्ञान आणि साधे अंकगणित आपल्या मदतीला येतात.

धोका नेमका कोठे असतो?

आपण बोलतो, खोकतो, शिंकतो तेव्हा तोंडातून व नाकातून असंख्य तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार एक-दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात. अतिसूक्ष्म तुषार मात्र हवेत तरंगत राहतात. खिडक्या बंद असलेल्या खोलीत उदबत्ती लावा. थोड्याच वेळात वास कोपऱ्याकोपऱ्यांत भरून राहील. तीच उदबत्ती अंगणात लावा. चार पावलांवर तिचा वास जेमतेम येईल. बाधित माणसाच्या श्वासातील विषाणूंचेही असेच होते.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. माणसांमधील अंतर जितके कमी, एकत्र घालवलेला वेळ जितका जास्त आणि हवा जितकी कोंडलेली, तितका धोका मोठा. मुखपट्टीमुळे बाहेर पडणारे आणि आत जाणारे तुषार अडतात. आता मतदान केंद्र डोळ्यांसमोर आणा. प्रत्यक्ष मत देण्यास काही सेकंद पुरतात. वेळ जातो तो रांगेत!

रांगेचे गणित

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये बिहार विधानसभेच्या २४३ जागांसाठी तीन टप्प्यांत मतदान झाले. निवडणूक आयोगाने एका केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या १,५०० वरून १,००० वर आणली आणि मतदानाची वेळ एक तासाने वाढवली. केंद्रांची संख्या त्यामुळे एक लाखाच्या वर गेली. या दोन साध्या बदलांनी काय साधले ते आपण मोजून पाहू.

समजा, १०० पैकी ६० मतदार मत द्यायला येतात. पूर्वीच्या व्यवस्थेत १,५०० पैकी ९०० जण १० तासांत, म्हणजे ६०० मिनिटांत येणार. दर ४० सेकंदांना एक मतदार! नव्या व्यवस्थेत १,००० पैकी ६०० जण ११ तासांत, म्हणजे ६६० मिनिटांत येतील. दर ६६ सेकंदांना एक मतदार.

आता गृहीत धरा की नाव तपासणे, सही, बोटाला शाई आणि मत या सर्वांसाठी एका मतदारामागे ५० सेकंद लागतात. एका तासात ७२ जणांचे मतदान होईल. पहिल्या व्यवस्थेत तासाला ९० जण येतात, म्हणजे दर तासाला १८ जण रांगेत साचतात. दोन तासांनी ३६, तीन तासांनी ५४! दुसऱ्या व्यवस्थेत तासाला ५४-५५ जणच येतात. रांग साचण्याचे कारणच उरत नाही.

अर्थात लोक घड्याळ लावून सारख्या अंतराने येत नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी गर्दी होतेच. म्हणून जमिनीवर दोन-दोन यार्डांवर वर्तुळे आखणे आणि टोकन देऊन मतदाराला पाळी येईपर्यंत अन्यत्र थांबू देणे, अशा सूचनाही आयोगाने दिल्या होत्या. सही करताना व यंत्राचे बटण दाबताना घालण्यासाठी हातमोजेही ठरवले होते. पृष्ठभागांवरून हा रोग पसरण्याचा धोका फार कमी आहे, हे पुढे स्पष्ट झाले. आजच्या ज्ञानानुसार हातमोजांपेक्षा उघड्या खिडकीचे मोल अधिक आहे.

रोग्याचे मत

दक्षिण कोरियात १५ एप्रिल २०२० रोजी राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली. प्रवेशद्वाराशी प्रत्येकाचे तापमान मोजले जाई. ते ३७.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक भरले तर मतदाराला परत न पाठवता वेगळ्या कक्षात मत देऊ दिले जाई. विलगीकरणात असलेल्या निरोगी दिसणाऱ्या लोकांसाठी संध्याकाळी सहानंतर, इतरांचे मतदान आटोपल्यावर, वेगळी वेळ होती. रुग्णांसाठी टपाली मतदानाची सोय होती. शिवाय १० व ११ एप्रिलला आगाऊ मतदान ठेवल्याने गर्दी तीन दिवसांत विभागली गेली. त्या वर्षी ६६ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. १९९२ नंतरचे हे सर्वाधिक प्रमाण होते. मतदानामुळे संसर्ग पसरल्याचे तेथील आरोग्य यंत्रणेला आढळले नाही.

मात्र एक गोष्ट विसरू नका. त्या दिवसांत कोरियात रोज आढळणारे नवे रुग्ण पन्नासहून कमी होते. साथ भडकलेली असताना हेच उपाय तितके पुरे पडतीलच असे नाही.

याचा कटू अनुभव उत्तर प्रदेशात आला. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट उसळलेली असताना, तेथे पंचायत निवडणुका झाल्या. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या १,६२१ शिक्षक व कर्मचाऱ्यांचा कोविडने मृत्यू झाल्याची यादी शिक्षक संघटनेने दिली. शासनाने आरंभी केवळ तीन मृत्यू मान्य केले. कामावर असतानाचेच मृत्यू मोजायचे, असा नियम होता. पण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला काही दिवस लागतात आणि मृत्यू ओढवतो तो बहुधा आणखी काही आठवड्यांनी. मग अशा नियमात मृत्यू सापडणार कसे? पुढे निवडणुकीच्या कामापासून तीस दिवसांत झालेले मृत्यू भरपाईसाठी धरण्यात आले. मोजण्याची रीत चुकली की केवढा अन्याय होतो, ते यावरून दिसते. मतदार केंद्रावर काही मिनिटे असतो; तेथील शिक्षक मात्र दिवसभर त्याच हवेत श्वास घेतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या शाळेत वर्गप्रमुखाची निवडणूक होते ना? या वेळी हातात घड्याळ घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला मत द्यायला किती सेकंद लागतात ते नोंदवा. रांगेत एका वेळी किती जण होते तेही दर पाच मिनिटांनी लिहा. मग दोन मेजांऐवजी तीन मेजे ठेवली, किंवा वर्गांना वेगवेगळ्या वेळा दिल्या, तर रांग किती कमी होईल याचे गणित मांडा आणि ते शिक्षकांना दाखवा. काही वर्षांनी तुम्ही स्वतः मतदार व्हाल. कदाचित केंद्रावरचे अधिकारीही व्हाल. पुन्हा एखादी साथ आलीच, तर ही वही तुमच्या उपयोगी पडेल.