वाहनांच्या ताफ्याची फिरती धुलाई : ठेका कसा द्यावा

सोलापूर जिल्ह्यांत उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे माढा, माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, करमाळा आदि तालुक्यांतील रस्ते ट्रक, ट्रॅक्टर व त्यांमागील जोड-ट्रॉल्या यांनीं भरून जातात. हीं वाहनें हंगामभर बहुतेक रात्रंदिवस चालतात. शेतांतील काळी माती, रस्त्याची धूळ, उसाचा रस, पाचटाचा भुगा व वंगण यांचा त्यांवर थरावर थर बसत जातो. पाण्याची टाकी, दाबाचा पंप व इंजिन एका लहान मालगाडीवर बसवून, वाहनें उभीं असतील तेथेंच येऊन तीं धुऊन देणारे ठेकेदार आतां मिळूं शकतात. ज्या सोसायटीपाशीं किंवा वाहतूकदारापाशीं पंचवीस-पन्नास वाहनांचा ताफा आहे, त्यानें असा ठेका द्यावा काय, आणि दिल्यास कोणत्या अटींवर द्यावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

धुलाई हवीच कशाला ?— कित्येक बंधु म्हणतात कीं, गाडी उद्यां पुनः चिखलांतच जावयाची, मग ती धुण्यावर पैसा कां घालवावा? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. नुसत्या झळाळीसाठीं धुणें असेल, तर तो खर्च खुशाल वांचवावा. परंतु धुलाईचा खरा उपयोग निराळा आहे. रात्रीं मंद गतीनें जाणारी किंवा रस्त्याच्या कडेला बंद पडलेली भरली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास दिसते, ती तिच्या मागील दिव्यामुळें व तांबड्या परावर्तक पट्टीमुळें. त्या पट्टीवर चिखल बसला म्हणजे पट्टी असून नसल्यासारखीच. हंगामांत अशा ट्रॉलीवर मागून आदळून माणसें दगावल्याच्या वार्ता आपण वाचतों. त्यांत आपल्याच गांवचीं मुलें असतात. ओल्या फडक्यानें जो जीव वांचतो, त्याची तुलना ठेक्याच्या रकमेशीं करण्याचें कारण नाहीं.

दुसरा उपयोग यंत्राच्या रक्षणाचा. चिखलाखालीं तेलाची गळती, सैल झालेला बोल्ट, सांध्याची चीर हीं दिसत नाहींत. रेडिएटरच्या जाळींत पाचटाचा भुगा अडकला म्हणजे इंजिन तापतें. तोच भुगा धुरांड्याच्या तापलेल्या नळीवर साचल्यास आगीची भीति असते. रासायनिक खत वाहून नेलेल्या ट्रॉलीचा पत्रा क्षारानें लौकर गंजतो. तिसरा उपयोग शेताचा. गाजरगवताचें बीं चाकांच्या चिखलांतून एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत जातें. डाळिंबाच्या बागेंतील तेल्या रोगाचीं पानें व छाटलेल्या फांद्या ज्या ट्रॉलींतून काढल्या, तीच न झाडतां निरोगी बागेंत नेणें म्हणजे रोगास आमंत्रणच होय.

फिरती सेवाच कां ?— एस. टी.चा दाखला घ्या. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या मार्गावर तिची पहिली गाडी सुटली. एस. टी.ची गाडी फिरून कोणत्या ना कोणत्या आगारांत मुक्कामास येते. म्हणून धुण्याची जागा, पाणी व माणसें तेथें कायम ठेवतां येतात. उसाच्या वाहनांचें तसें नाहीं. तीं आज एका फडांत तर उद्यां दुसऱ्या फडांत असतात, व हंगाम संपला कीं ताफा पांगतो. चार-पांच महिन्यांच्या कामासाठीं पक्की जागा बांधणें पुष्कळांस परवडत नाहीं. मात्र हीं सर्व वाहनें एका ठिकाणीं खात्रीनें येतात, तें म्हणजे कारखान्याचा गाडीतळ. गव्हाणींत ऊस टाकून रिकामी गाडी वजनकाट्यावरून बाहेर पडली कीं ती धुण्यास योग्य. फिरत्या धुलाईनें तेथेंच, कारखान्याच्या परवानगीनें, ठराविक वारीं व ठराविक वेळीं यावें. भरलेली गाडी रांगेंत असतां दिवे, पट्टी व नंबराची पाटी एवढेंच पुसावें.

पाण्याचा हिशेब.— सोलापूरचा वार्षिक पाऊस सरासरीनें ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. भीमेवरील उजनी धरणामुळें ऊस वाढला, तरी धरण न भरलेल्या वर्षीं पिण्याच्या पाण्याची काय ओढ होते हें २०१२-१३ सालीं सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणून ठेका देण्यापूर्वीं पाणी मोजावें. रीत सोपी आहे. वीस लिटरचा डबा नळीखालीं धरावा व तो किती सेकंदांत भरतो तें घड्याळावर पाहावें. अर्ध्या मिनिटांत भरला तर नळी मिनिटास ४० लिटर ओतते. अशा मोकळ्या नळीनें एक ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या अर्धा तास धुतल्यास १,२०० लिटर पाणी जाईल. दाबाच्या यंत्राची नळी मिनिटास साधारणतः १० ते १५ लिटर देते. १२ लिटर धरून २५ मिनिटें काम झालें तर ३०० लिटर होतात. असे ४० जोड असतील तर एका फेरीस ४८,००० लिटरांऐवजीं १२,००० लिटर पुरतील. वांचलेले ३६,००० लिटर म्हणजे, २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन योजनेच्या माणशीं ५५ लिटर या मापानें, सुमारें साडेसहाशें माणसांचें एका दिवसाचें पाणी होय.

पाणी वांचविण्याचा आणखी एक उपाय आपल्या हातीं आहे. काळी माती पाण्यानें फुगते व चिकटते; म्हणून एकदम जोराचें पाणी मारूं नये. वाळलेले थर आधीं लांकडी पट्टीनें खरडावेत, मग थोडें पाणी शिंपडून दहा मिनिटें भिजूं द्यावें, आणि शेवटीं दाबाचें पाणी मारावें. ठेकेदार पाणी कोठून आणतो, हें करारांत लिहून घ्यावें. गांवाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींतून किंवा नळयोजनेंतून आणूं नये, ही अट स्पष्ट असावी.

घाण पाणी कोठें जाणार ?— ठेक्याच्या कागदांत बहुधा राहून जातो तो हाच प्रश्न. धुतलेल्या पाण्यांत डिझेल, वंगण व साबण असतो. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यानें अशी घाण ओढ्यांत किंवा विहिरींत सोडणें मना आहे. आणि कायदा नसता तरी आपल्याच विहिरींत तेल कोण सोडील? उपाय असा. धुण्याची जागा फरशीची किंवा काँक्रीटची करून तिला एका बाजूस उतार द्यावा. उताराच्या तोंडाशीं दोन खड्डे पक्के बांधावेत. पहिल्यांत गाळ बसतो. दुसऱ्यांत तेल वर तरंगतें, कारण तें पाण्याहून हलकें आहे. म्हणून या खड्ड्यांतून बाहेर जाणारी नळी वांकवून तिचें तोंड पाण्याच्या पृष्ठाखालीं बरेंच खोल ठेवावें. त्या योगें तेल मागें राहतें व खालचें पाणी तेवढें जातें. तें पाणी बांधावरील झाडांस द्यावें. भाजीपाल्यास किंवा जनावरांस देऊं नये. वर साचलेलें तेल दर आठवड्यास काढून बंद पिंपांत ठेवावें व परवानाधारक खरेदीदारासच द्यावें. कॉस्टिकयुक्त तीव्र साबण वापरूं देऊं नये. त्यांतील सोडियमनें काळी जमीन चोपण होते. फवारणीच्या टाक्या या जागीं मुळींच धुऊं नयेत. त्यांचें धुवण ज्या पिकावर औषध मारलें त्याच पिकावर फवारावें.

दर कशावर ठरवावा ?— तीन पद्धति आहेत व प्रत्येकींत एक मोह आहे. महिन्याची ठोक रक्कम ठरविली तर गाड्या सोडून देण्याचा मोह होतो. तासावर ठरविली तर काम लांबविण्याचा होतो. गाडीवार ठरविली तर घाईनें उरकण्याचा होतो. यांपैकीं तिसरा मोह पकडणें सर्वांत सोपें, कारण धुतलेली गाडी डोळ्यांपुढें उभी असते. म्हणून दर गाडीवार ठरवावा. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊसतोडणी यंत्र यांचे दर निरनिराळे असावेत. पाणी, साबण, इंधन, मजुरी व कर दरांत धरले आहेत कीं बाहेर, हें दरपत्रकांतच लिहून घ्यावें. ठेकेदारासही किमान किती गाड्या मिळतील याची हमी द्यावी. नाहीं तर तो दोन गाड्यांसाठीं वीस मैलांची फेरी करणार नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषही नाहीं.

तीन ठिकाणचीं दरपत्रकें मागवून, सर्वांत स्वस्त व त्याच्यावरचा अशा दोघांकडून प्रत्येकीं एक-एक मळकी गाडी समक्ष धुऊन घ्यावी. पाणी व वेळ मोजावी. मग करार करावा, तोही एकाच हंगामापुरता, व पहिले पंधरा दिवस परीक्षेचे ठेवून.

"धुतली" म्हणजे काय ?— याची व्याख्या करारांत नसेल तर पुढें भांडण ठरलेलेंच. आम्ही पुढील व्याख्या सुचवितों. दिवे, परावर्तक पट्ट्या व नंबराची पाटी दहा पावलांवरून स्वच्छ दिसाव्या. चाकांच्या आंतील बाजू, सांखळीचा व ट्रॉली जोडण्याचा आंकडा यांवर माती नसावी. रेडिएटरच्या जाळींत भुगा नसावा. ट्रॉलीच्या तळाशीं पाचट नसावें. तसेंच काय करूं नये तेंही लिहावें. बेअरिंगचें सील, बॅटरी, विजेच्या तारा व रेडिएटरच्या पातळ पात्या यांवर जवळून दाबाचें पाणी मारूं नये. रबरी नळ्यांवर डिझेल फवारूं नये. त्यानें रबर फुगतें व लौकर जातें. धुतल्यावर वंगणाचें काम कोणाचें, ठेकेदाराचें कीं चालकाचें, हेंही ठरवावें. कारण धुऊन वंगण न दिलेली गाडी न धुतलेल्या गाडीहून वाईट. पूर्ण धुणें पंधरा दिवसांतून एकदां पुरे. दिवे व पट्टी पुसणें मात्र प्रत्येक खेपेस, आणि तें चालकाचेंच काम राहावें.

नोंद व रुजवात.— आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या खेपांचे कागद आमच्या मेजावर येत. त्यांवरून एक गोष्ट मनांत ठसली ती अशी कीं, एकाच हातानें लिहिलेली नोंद कितीही सुबक असली तरी ती पुरावा नव्हे. दोन निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या कारणांसाठीं केलेल्या नोंदी जुळल्या, तरच आंकडा खरा मानावा. धुलाईच्या वहींत तारीख, वाहनाचा नंबर, प्रकार, सुरुवातीची व शेवटची वेळ, पाण्याच्या मीटरचे दोन आंकडे, चालकाची सही व तपासणाराची सही असे रकाने असावेत. तपासणारा ठेकेदाराचा माणूस नसावा. आठवड्यास या वहीची रुजवात कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांशीं घ्यावी. ज्या दिवशीं गाडी गाडीतळावर धुतली असें लिहिलें, त्या दिवशींची तिची काट्याची पावती असलीच पाहिजे. पावती नसेल तर ती गाडी बिलांतून वगळावी व खुलासा मागावा. काट्याची पावती वजनासाठीं झालेली असते, धुलाईसाठीं नव्हे. म्हणूनच ती साक्षीदार म्हणून खरी.

माणसांची काळजी.— दाबाचें पाणी हातास लागल्यास कातडी फाडून आंत शिरूं शकतें. कामगारांस रबरी बूट, हातमोजे व डोळ्यांचा चष्मा ठेकेदारानें द्यावा, व विजेच्या यंत्रास भूमिजोड असावी. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावणें कायद्यानें मना आहे. "तो सहज बरोबर आला आहे" ही सबब ऐकूं नये. मजुरीविषयीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. १९७० सालच्या कंत्राटी कामगारांविषयींच्या कायद्यापासून असें तत्त्व चालत आलेलें आहे कीं, ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाकडे मागतां येते. म्हणून महिन्याचें बिल देण्यापूर्वीं मागील महिन्याची मजुरी पोंचल्याचा कागद पाहावा. अनामत रक्कम थोडी तरी ठेवावी, व धुतांना वाहनाची मोडतोड झाल्यास ती कोणी व किती दिवसांत भरून द्यावी हें लिहावें. ठेकेदाराचें बिलही ठरल्या दिवशीं चुकतें करावें. ज्याचे पैसे तीन-तीन महिने अडकतात, त्याच्याकडून चोख काम मागण्याचा अधिकार उरत नाहीं.

वरील अटी वाचून कोणास वाटेल कीं गाडी धुण्यासाठीं एवढा कागदी पसारा कशाला? तरी हा पसारा दोन पानांत मावतो. काय धुवावयाचें, कोणत्या पाण्यानें, घाण कोठें जाणार, आणि धुतल्याची सही कोण करणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें त्यांत असलीं म्हणजे झालें. ज्या संस्थांची सर्वसाधारण सभा हंगामापूर्वीं भरते, त्यांनीं हा विषय त्या सभेपुढें ठेवावा व गाडीतळावरील जागेविषयीं कारखान्याशीं आधींच पत्रव्यवहार करावा. ठेका ठरेपर्यंतही एक काम थांबवूं नये: प्रत्येक ट्रॅक्टरच्या खोक्यांत एक जुनें धोतराचें फडकें व पाण्याची बाटली आजच ठेवावी, आणि अंधार पडण्यापूर्वीं मागची पट्टी पुसल्याखेरीज भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढूं नये.