इमारत तीच, मालक सहा! इंटरनेटच्या ‘गोदामा’ची तीस वर्षांची गोष्ट

मोबाईलवर सातबारा काढला, बाजारभाव बघितला किंवा व्हिडिओ लावला, की ही माहिती हवेतून येते असं वाटतं. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी इमारतीतल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. ती इमारत कोणाची, आणि मालकाचं दिवाळं निघालं तर आतल्या माहितीचं काय? अमेरिकेतल्या ‘एक्झोडस कम्युनिकेशन्स’ या कंपनीची गोष्ट वाचली की याचं उत्तर मिळतं.

धंदा काय होता?

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसारखाच. माल शेतकऱ्याचा, जागा, वीज, गारवा आणि राखण मालकाची. त्याबदल्यात भाडं. एक्झोडसकडे बेदाण्याच्या जागी कॉम्प्युटर होते. लोखंडी जाळीचे पिंजरे भाड्याने द्यायचे, वीज जाऊ द्यायची नाही, मशीन तापू द्यायचं नाही आणि इंटरनेटची जाडजूड लाईन जोडून द्यायची, एवढं कंपनीचं काम.

के. बी. चंद्रशेखर आणि बी. व्ही. जगदीश या दोन भारतीय इंजिनिअरांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. याहू आणि ईबेसारखी मोठी गिऱ्हाइकं मिळाली. गुगल तेव्हा अगदी लहान होती. १९९९ च्या सुरुवातीला तिचा सांता क्लारा इथल्या एक्झोडसच्या इमारतीतला पिंजरा होता जेमतेम सात फूट बाय चार फुटांचा, आणि आत होते तीसेक कॉम्प्युटर!

चढला कसा, पडला कसा?

मार्च १९९८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तेव्हा इंटरनेटचं नाव लावलं की पैसा धावत यायचा. एक्झोडसने कर्जरोखे काढून मोठं कर्ज उचललं आणि एकामागून एक डेटा सेंटर उभी केली. २००० साली तिचा शेअर ८० डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने ‘ग्लोबलसेंटर’ ही दुसरी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. सौदा सुमारे ६५० कोटी डॉलरचा, तोही रोखीत नाही, शेअर देऊन.

पण तोवर वारं फिरलं होतं. एक्झोडसची बरीच गिऱ्हाइकं नव्याने निघालेल्या वेबसाइट कंपन्या होत्या. त्यांची स्वतःची कमाई फार नव्हती, गुंतवणूकदारांच्या पैशांवर त्या भाडं भरत होत्या. तो पैसा आटला आणि त्या पटापट बंद पडल्या. पिंजरे रिकामे झाले, भाडं थांबलं. इमारतीचा खर्च आणि कर्जाचं व्याज मात्र चालूच. पीक गेलं तरी सोसायटीचा हप्ता थांबत नाही, तसंच हे.

शेवटी २६ सप्टेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीसाठी कोर्टात अर्ज केला. डोक्यावर ३०० कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं. शेअरचा भाव एक डॉलरही राहिला नव्हता.

दिवाळं निघालं, तरी लाईट गेली नाही

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या कायद्यात ‘चॅप्टर ११’ नावाचं प्रकरण आहे. त्यात कंपनी कोर्टाच्या संरक्षणाखाली धंदा चालू ठेवते आणि देण्याघेण्याचा हिशेब कोर्टासमोर होतो. सावकार लगेच येऊन कुलूप लावू शकत नाही. त्यामुळे एक्झोडसच्या इमारतींतले कॉम्प्युटर चालूच राहिले.

मेले ते शेअरवाले. विक्रीचा पैसा आधी देणेकऱ्यांना जातो, शेअरवाल्यांची पाळी सगळ्यात शेवटी. एक्झोडसच्या शेअरवाल्यांपर्यंत काही पोचलंच नाही.

मग इमारती फिरत राहिल्या

पुढे बहुतेक डेटा सेंटर ब्रिटनच्या ‘केबल अँड वायरलेस’ने देणी धरून सुमारे ८५ कोटी डॉलरला घेतली. तिलाही धंदा झेपला नाही. डिसेंबर २००३ मध्ये तिची अमेरिकन शाखा दिवाळखोरीत गेली आणि २००४ मध्ये ‘सॅव्हिस’ने ती साडेपंधरा कोटी डॉलर रोख, शिवाय काही देणी अंगावर घेऊन उचलली.

२०११ मध्ये सॅव्हिसच ‘सेंच्युरीलिंक’ने विकत घेतली, सुमारे २५० कोटी डॉलरला. ही कंपनी मूळची खेड्यातली. १९३० साली लुइझियाना राज्यातल्या ओक रिज गावात एका जोडप्याने ५०० डॉलरला टेलिफोन कंपनी घेतली, तेव्हा गिऱ्हाइकं होती फक्त ७५!

सेंच्युरीलिंकने २०१७ मध्ये आपली डेटा सेंटर विकली. त्यातून ‘सिक्स्टेरा’ कंपनी उभी राहिली. जून २०२३ मध्ये तीही कर्जापायी कोर्टात गेली. मग ‘ब्रुकफील्ड’ने ती साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरला घेतली आणि २०२४ पासून तो धंदा ‘सेंटरस्क्वेअर’ नावाने चालतो. मधल्या काळात काही जागा सुटल्या, काही नव्या आल्या. पण सांता क्लारातल्या एक्झोडसच्या काळातल्या जागा एकाकडून दुसऱ्याकडे असा प्रवास करत राहिल्या.

तीस वर्षांत तीनदा दिवाळं निघालं. विशेष म्हणजे मधली मंदी सोडली तर डेटा सेंटरची गरज वाढतच गेली. एक्झोडस आणि सिक्स्टेराला बुडवलं ते कर्जाने.

आपल्याला यातून काय?

आज शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, शाळा यांच्याही वेबसाइट आहेत. त्यांच्या माहितीचा ‘माल’ कुणाच्या तरी गोदामात आहेच. मालक बदलला, तर नवा मालक भाडं वाढवू शकतो किंवा जागा बंद करून माल हलवायला सांगू शकतो. म्हणून चार गोष्टी बघाव्यात:

- वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावावर नोंदवलेलं आहे का?
- पासवर्ड संस्थेकडे आहेत, की फक्त वेबसाइट बनवून देणाऱ्याकडे?
- सभासद यादी, हिशेब, फोटो यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे का?
- सेवा बंद करायची झाली तर किती दिवस आधी कळवणार, हे करारात लिहिलं आहे का?

गोदामाचा मालक कोण असावा, हे आपल्या हातात नाही. मालाची दुसरी प्रत घरात ठेवणं मात्र आहे.